परदेशात गाडी चालवलीय? परवान्याच्या भाषांतराचे अनुभव लिहा

काल भाच्याचा फोन. "मामा, आंतरराष्ट्रीय परमिट काढायलाच हवं का? आपला परवाना इंग्रजीत आहेच की." आणि मला फ्रान्समधला भाड्याच्या गाड्यांचा काउंटर आठवला. तिथल्या बाईंनी माझ्या परमिटच्या पुस्तिकेचं थेट शेवटचं पान उघडलं. ते फ्रेंचमध्ये असतं हे मला तेव्हा कळलं. 'बी' म्हणजे मोटारगाडीच्या वर्गापुढच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, मान डोलावली आणि मूळ परवाना मागितला. तो हॉटेलात! परमिट म्हणजे परवान्याचं भाषांतर, मूळ कार्डाशिवाय त्याला अर्थ नाही. मुलं बॅगांवर बसून पेंगत होती, मी टॅक्सीने परत. तुमचंही सांगा, भाच्याला वाचायला देतो.

रानवारा: जपानला रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारातलंच परमिट चालतं, १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं नाही. भारतातलं १९४९ चं, म्हणून माझं निभावलं. मैत्रिणीचा परवाना जर्मन, तिला जपान ऑटोमोबाइल फेडरेशनचं जपानी भाषांतर लागलं. ते येईपर्यंत गाडी मीच चालवली, खांदे भरून आले.

निशिगंध: जर्मनीत राहायला आलात की सहाच महिने. नंतर भाषांतर असलं तरी भारतीय परवाना चालत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. ह्यांना वीस वर्षांची सवय, पण पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हे ऐनवेळी सुटलं. शेजारच्या शिक्षकाने ब्रेक दाबला, परीक्षा तिथेच संपली. रात्री जेवले नाहीत.

झुळूक: अरेरे, वाईट वाटलं. धीर द्या त्यांना.

काजवा: परदेशात आमच्या बाबांचा हात वळताना इंडिकेटरऐवजी हमखास वायपरवर. ऊन लख्ख आणि काच खसाखस पुसली जातेय! आई अजून हसते. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

निशिगंध: झुळूक, दुसऱ्या खेपेला पास झाले हो! आता मी शिकतेय.

झुळूक: वा!! लेखी इंग्रजीत देता येते ना? माझ्या जावेला विचारायचंय.

निशिगंध: हो, येते. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा वर्ग आधी उरकायला सांगा.

मामा (धागाकर्ता): भाचा विचारतोय, परमिट किती दिवस चालतं?

रानवारा: एक वर्ष. मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तेवढंच. तारीख आत्ताच बघायला सांगा.