‘टेन्शन’नं आपले किती शब्द गिळले?

धरमपेठची मराठीची बाई

गेल्या आठवड्यात आईला घेऊन नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात बसले होते. रिपोर्ट यायचा होता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. सिस्टर जाता जाता म्हणाली, “आजी, टेन्शन घेऊ नका.” आई म्हणाली, “टेन्शन नाही गं माय, जिवाला घोर लागलाय.” सिस्टर थांबली. शेजारी बसली आणि आईचा हात हातात घेतला. आई नुसतं ‘हो, टेन्शन आहे’ म्हणाली असती तर ती थांबली नसती, असं मला राहून राहून वाटतं. (रिपोर्ट चांगला आला.)

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात ‘टेन्शन’ला मराठी शब्द विचारले. ४२ मुलं. शब्द आले दोन, चिंता आणि तणाव. मग मी उलटं विचारायला घेतलं. निकालाच्या आदल्या रात्री पोटात काय होतं? टेन्शन. मैत्रिणीशी भांडून घरी आलात आणि चूक आपलीच होती हे आता कळतंय? टेन्शन. भाऊ रात्री अकरा वाजले तरी घरी आला नाही? टेन्शन. फी भरायला घरात पैसे नाहीत? टेन्शन.

अहो, पहिली धाकधूक आहे, दुसरी चुटपुट, तिसरा घोर आणि चौथी विवंचना. धाकधूक निकाल लागला की आपोआप संपते. चुटपुट माफी मागितल्याशिवाय जात नाही. विवंचनेला पैसाच लागतो. चौघींना एकच नाव दिलं की उपायही एकच उरतो: ‘घेऊ नको’.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हा शब्द आपण कमी करायला हवा. निदान घरात, निदान लिहिताना.

समुपदेशक, मेडिकल चौक

ताई, तुमच्या आईचं बोलणं मनाला लागलं, पण तुमचं मत अजिबात पटलं नाही.

माझ्याकडे बुटीबोरीच्या कारखान्यातून एक गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, रात्रपाळी करणारे. बायकोनं ओढून आणलं होतं. अर्धा तास एकच वाक्य: “झोप नाही, टेन्शन आहे.” घोर, हुरहूर, घालमेल हे शब्द त्यांच्या घरात बायका वापरतात. ‘मला भीती वाटते’ हे तर पुरुषाच्या तोंडून निघतच नाही. ‘टेन्शन’ म्हणायला मात्र लाज वाटत नाही, ताप आलाय म्हणावं तसं ते म्हणता येतं. मी विचारलं, “कुठे जाणवतं?” त्यांनी छातीवर हात ठेवला. त्यानंतर वीस मिनिटांनी ‘भीती’ हा शब्द आला. ‘टेन्शन’ नसता तर तो माणूस माझ्यासमोर बसलाच नसता.

आणि इंग्रजीत तरी या शब्दाला पर्याय काय कमी आहेत? स्ट्रेस, स्ट्रेन, वरी, प्रेशर, अँग्झायटी. ‘अँग्झायटी’च्या मुळाशी लॅटिनमधलं गळा आवळण्याचं क्रियापद आहे. छातीवर हात ठेवणाऱ्या त्या माणसाला तोच शब्द नेमका लागू होता, पण तो त्याला कुठून ठाऊक असणार? जो शब्द हाताशी आहे त्यानंच माणूस बोलायला सुरुवात करतो. तो काढून घेऊ नका.

शब्दवेडा, महाल

‘टेन्शन’ आला लॅटिन ‘टेंडेरे’वरून, म्हणजे ताणणे. आणि हे क्रियापद संस्कृत ‘तन्’ धातूचं नातेवाईक आहे. त्याच ‘तन्’पासून आपला ताण, तंतू, गाण्यातली तान. म्हणजे ‘टेन्शन’ आणि ‘ताण’ एकाच घरातले, लांबून फिरून भेटलेले.

शिवाय आपण वापरतो तसा हा शब्द इंग्रज सहसा वापरत नाहीत. त्यांचं टेन्शन बहुतेक तारेत असतं, स्नायूत असतं, दोन देशांमध्ये असतं. एकट्या माणसाला काळजी लागली तर ते बहुधा ‘वरीड’ म्हणतात. टेन्शन ‘घेणं’ आणि ‘देणं’ हे इथलं. आपल्या नागपुरात तर ‘टेन्शन मत ले’ आधी आणि ‘टेन्शन नको घेऊ’ नंतर, असंच मला वाटतं. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, एका तोंडात दोन भाषा ही इथली जुनीच सवय. तेव्हा शब्द परका म्हणून हाकलू नका.

एक मात्र बाईंच्या बाजूनं सांगतो. ‘हाय टेन्शन’ लाइनला मराठीत आपण उच्च ताण म्हणालो नाही, उच्चदाब म्हणालो. ‘लो टेन्शन’लाही ‘लघुदाब’च. तिथलं टेन्शन म्हणजे व्होल्टेज, हे ओळखून कुणीतरी शब्द निवडला. मनातल्या टेन्शनसाठी एवढे कष्ट आपण घेतले नाहीत.

धरमपेठची मराठीची बाई

शब्दवेडा, परका म्हणून मी एकदाही म्हटलेलं नाही. रिपोर्ट आणि सिस्टर मीही लिहिलंच की. माझी तक्रार शब्द बोथट असण्याची आहे.

आणि सर, तुमच्या त्या गृहस्थांना टेन्शनपासून भीतीपर्यंत यायला वीस मिनिटं लागली, तीही तुमच्यासारखा विचारणारा समोर होता म्हणून. माझ्या वर्गातल्या ४२ जणांना कोण विचारणार आहे? त्यांच्याजवळ दुसरा शब्दच नाही.

संत्रावाला, काटोल

मले एक सांगाचं हाय. तुमी सारे ‘ताण’ म्हन्लं का वाईटच समजून रायले. आमच्याकडे बागेले ताण देतात बाप्पा. आंबिया बहार, म्हंजे थंडी सरताना येनारं संत्र्याचं फूल, घ्याचा तं डिसेंबरात पानी बंद कराचं, बाग ताणावर सोडाची. भारी जमिनीत जास्त दिवस, हलकीत कमी. झाडाची वाढ थांबते, अन्न साठते, अन् मंग पानी देल्लं का फूल धरते. ताण नाई बसला तं नुसता पाला. जास्त झाला तं शेंडे वाळतात, झाडच जाते. म्हून ताण मोजून देतात अन् तो तोडाचा दिवस असते.

टेन्शन कवा तोडाचं, हे कोनी ठरवते का? पोरगं बारावीले हाय. मी त्याले सांगतो, तुले ताण हाय, मार्चात तुटते. टेन्शन म्हन्लं का त्याचा शेवटच दिसत नाई.

समुपदेशक, मेडिकल चौक

दादा, हे मी उद्यापासून माझ्याकडे येणाऱ्यांना सांगणार आहे. पण बाई, समोरचा ‘टेन्शन’ म्हणाला तर मी त्याचा शब्द दुरुस्त करणार नाही. ‘कसलं?’ एवढंच विचारेन. वर्गातही तेच करून पाहा, असं सुचवतो. कमी करायला लावलंत तर मुलं तुमच्यासमोर गप्प बसतील.

धरमपेठची मराठीची बाई

‘कसलं?’ विचारीन. पण उत्तरात पुन्हा ‘टेन्शन’ चालवून घेणार नाही, तिथे मी हटणार नाही.

काटोलचे दादा, ताण पुरला, आता तोडायचा, हे कसं कळतं?

संत्रावाला, काटोल

दुपारी पानं मलूल होतात, ते रोजचंच. सकाळच्या थंडाव्यातबी तशीच रायली, अन् काही पिवळी पडून गळाले लागली, का समजाचं. मंग पयलं पानी हलकंच देतो. एकदम भरून नाई देत.