मदत हवी आहे : केनियात कांदळवन लागवड, मलेरियाची गोळी आणि चिखलातले बूट

मोंबासाच्या दक्षिणेला गाझी इथे गावकऱ्यांच्या कांदळवन लागवडीत दोन महिने स्वयंसेवक म्हणून जायचंय. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची, हे पक्कं. पिवळं कार्ड (ही लस घेतल्याचा दाखला) नसेल तर परतताना भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

अडलंय ते दोन गोष्टींवर. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी घेतली तर ऊन बाधतं, आणि ओहोटीचं काम भर उन्हात. शिवाय परतल्यावरही 4 आठवडे चालू ठेवायची. त्याऐवजी घेता येणारी अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर 7 दिवसांत संपते. ती पुण्या-मुंबईत कुठे मिळते?

दुसरं, बूट. गमबूट चिखलात रुततो, पाय तेवढा वर येतो. अनवाणी गेलं तर कालवांच्या शिंपल्यांच्या कडा तळवा चिरतात. कोकणातल्या खाड्यांत लागवड करणारे पायांत काय घालतात? घोट्याला घट्ट बांधता येईल असं काही सुचवा.