कोपनहेगनमध्ये यजमानांच्या घरी मुक्काम: मदत हवी आहे

सत्तरीतल्या जोडप्यासाठी जूनमध्ये आठ दिवस खोली हवी आहे. नॉरेब्रो-वेस्टरब्रो या शहरातल्या भागांतल्या जुन्या इमारती चार-पाच मजली, बहुतेक बिनलिफ्टच्या. पत्त्यात ‘४. साल’ म्हणजे चौथा मजला, ‘स्टुएन’ म्हणजे तळमजला; हे आधीच वाचावं.

खरी काळजी न्हाणीघराची. अनेक ठिकाणी शॉवर कमोडला लागूनच, आडोसा नाही. अंघोळीनंतर फरशी ओलीच राहते आणि रात्री उठल्यावर पाय घसरतो. म्हणून यजमानांकडे फरशीचा फोटो मागावा, आधाराचा दांडा आहे का विचारावं. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, जाड पडदेही हवेत.

मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आहेत. मग आमागर किंवा फ्रेडरिक्सबर्गला मेट्रोजवळ, लिफ्टचं, सकाळी चहा-खिचडीला स्वयंपाकघर वापरू देणारं घर कुणाला माहीत आहे का?