केकताडाला रोज पाणी? नको!

ताई, अंगणातल्या मोठ्या घायपाताची, म्हणजे आपल्या केकताडाची, खालची पानं पिवळी पडून मऊ होताहेत म्हणता, आणि वर कुणीतरी 'रोज पाणी घाला' असं सुचवलंय. कृपा करून घालू नका. तहानलेलं पान सुरकुततं, टोकाकडून वाळतं. बुडाशी लिबलिबीत होऊन कुबट वास मारत असेल तर मूळ कुजतंय समजा.

परभणीची काळी माती कापसाला भली, पण पावसाळ्यात पाणी धरून बसते. आपल्याकडे केकताड मुरमाड बांधावर कुणी ढुंकून न बघता माजतं, ते उगाच नाही. झाड काढा, काळी मऊ मुळं छाटा, कापलेला भाग सावलीत काही दिवस नीट सुकू द्या. मग मुरूम आणि जाड वाळू जास्त, माती कमी, असा उंचवटा करून त्यावर लावा. बूड मातीत गाडू नका. शेणखताचा मारा तर मुळीच नको.

हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. रसात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, अंगाला लागला की खाज सुटते. घरात लेकरं असतील तर पानाच्या टोकाचा काटा कात्रीनं उडवा, झाडाला काही होत नाही.

आणि ज्या दादांच्या झाडाला मधून फुलांचा दांडा निघालाय, त्यांनी तो कापून झाड वाचेल ही आशा सोडावी. हे झाड 10 ते 30 वर्षांतून एकदाच फुलतं आणि मग मरतं. दांडा 8 मीटरपर्यंत जातो, वर विजेची तार नाही ना बघा. बुडाची पिल्लं मात्र आत्ताच वेगळी करून ठेवा.