पहिला दिवस कोणत्या वचनापासून मोजावा?

प्रश्न:
बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्येक दिवस देवाच्या बोलण्याने सुरू होतो आणि संध्याकाळ-सकाळ यांच्या उल्लेखाने संपतो. हाच नियम पहिल्या दिवसाला लावला, तर तो तिसऱ्या वचनातील प्रकाशाच्या आज्ञेपासून सुरू व्हायला हवा. मग पहिल्या वचनातील आकाश व पृथ्वी यांची उत्पत्ती आणि दुसऱ्या वचनातील अंधार व पाणी हे सारे त्या दिवसाच्या आतले मानावे की आधीचे? बायबलच्याच निर्गम या पुस्तकात (20:11) तर आकाश, पृथ्वी व समुद्र सहा दिवसांत केल्याचे म्हटले आहे, त्यामुळे माझा गोंधळ वाढतो.

प्रतिसाद 1:
येथे हिब्रू वाक्यरचना पाहणे आवश्यक आहे. कथन पुढे नेणारे क्रियापदाचे रूप तिसऱ्या वचनात, ‘वय्योमेर’ म्हणजे ‘आणि तो बोलला’ येथे, प्रथम येते. दुसऱ्या वचनात मात्र ‘पृथ्वी’ हे नाम क्रियापदाच्या आधी आहे, म्हणून ते नवी घटना न सांगता देव बोलला त्या वेळची स्थिती सांगते. अकराव्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी यांनी तर पहिले वचनही स्वतंत्र विधान न मानता ‘देव उत्पन्न करू लागला तेव्हा’ अशा अर्थाने पुढच्या वचनांशी जोडले. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात ते स्वतंत्र वाक्य आहे आणि मलाही तेच वाचन अधिक सरळ वाटते. दोन्ही वाचनांत दिवसांची क्रमवार हकीकत प्रकाशापासूनच सुरू होते.

प्रतिसाद 2:
पहिले वचन आणि दुसरे वचन यांच्या दरम्यान दीर्घ काळ गेला, असेही एक मत आहे. स्कॉटिश धर्मोपदेशक थॉमस चाल्मर्स यांनी ते 1814 च्या सुमारास मांडले आणि 1909 च्या स्कोफिल्ड संदर्भ बायबल या टिपांसह छापलेल्या आवृत्तीमुळे ते दूरवर पोहोचले. या मताचे समर्थक ‘पृथ्वी शून्य होती’ ऐवजी ‘शून्य झाली’ असे वाचतात आणि देवाने पृथ्वी शून्य असावी म्हणून उत्पन्न केली नाही असे सांगणाऱ्या यशया 45:18 चा आधार घेतात. मला हे पटत नाही. ‘झाली’ असा अर्थ अभिप्रेत असताना हिब्रूत बहुधा ‘ल’ हा उपसर्ग येतो, जसा उत्पत्ती 2:7 मध्ये मनुष्य जिवंत प्राणी झाला तेथे आहे. येथे तो नाही. शिवाय यशयाच्या त्याच वचनात पृथ्वी वस्तीसाठी घडवली असे पुढे म्हटले आहे, म्हणजे तेथे भर हेतूवर आहे.

प्रतिसाद 3:
पाचव्या वचनात ‘पहिला दिवस’ असे भाषांतर होते, पण मुळात ‘योम एखाद’, म्हणजे ‘एक दिवस’ असे आहे. क्रमवाचक शब्द दुसऱ्या दिवसापासून येतात. त्याच वचनात देव प्रकाशाला ‘दिवस’ हे नाव देतो, तर 2:4 मध्ये तोच शब्द संपूर्ण निर्मितीच्या काळाला लागू होतो. सूर्य चौथ्या दिवशी येतो आणि सातव्या दिवसाला संध्याकाळ-सकाळ नाही, ही अडचण प्राचीन वाचकांनाही जाणवत होती. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन यांनी सर्व काही एकाच क्षणी निर्माण झाले असे मानले. उलट 1650 मध्ये आयर्लंडमधील आर्चबिशप अशर यांनी इसवी सनपूर्व 4004 च्या 23 ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी काळाचा आरंभ धरला, म्हणजे पहिले वचन आणि तो अंधार त्यांनी पहिल्या दिवसातच मोजला.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अशर यांच्या गणनेत माझ्या प्रश्नाचे एक उत्तर आधीच दडलेले होते, हे मला ठाऊक नव्हते. दिवस संध्याकाळी सुरू होतो असे मानले, तर दुसऱ्या वचनातला अंधार हीच पहिली रात्र ठरते आणि निर्गमातील वचनाशीही विरोध उरत नाही. तरीही त्या अंधाराला ‘रात्र’ हे नाव प्रकाश आल्यानंतरच मिळते, आणि तेथे मी अजून अडखळतो.