मेटॉनिमी आणि सिनेकडकी: फरक कुठे पकडायचा

एकाने विचारलंय की मेटॉनिमी आणि सिनेकडकी या दोन्ही इंग्रजी अलंकारांत एका गोष्टीऐवजी दुसरीचं नाव येतं, मग नावं दोन कशाला? मलाही हा घोळ खूप छळायचा. शेवटी एकच प्रश्न कामी आला: घेतलेलं नाव त्या गोष्टीचाच भाग आहे का? 'ऑल हँड्स ऑन डेक' (सगळे खलाशी डेकवर या) यातले हात खलाशांच्याच अंगाचे, म्हणून ती सिनेकडकी. 'द क्राउन' म्हणजे राजसत्ता, पण मुकुट हा राजसत्तेचा अवयव नव्हे. तो तिच्याशी नुसता जोडलेला आहे, डोक्यावरून काढून ठेवता येतो. ही मेटॉनिमी. 'द पेन इज मायटिअर दॅन द स्वोर्ड' या इंग्रज लेखक बुल्वर-लिटनच्या १८३९ सालच्या नाटकातल्या ओळीत तर अशा दोन आहेत: लेखणी म्हणजे लेखन, तलवार म्हणजे शस्त्रबळ.

आपल्या काव्यशास्त्रातली लक्षणा आठवते का, म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी जोडलेला अर्थ घेणं? 'गंगेवर गवळीवाडा' म्हटलं की वाडा प्रवाहावर नसतो, काठावर असतो. ते उदाहरण पक्कं असेल तर मेटॉनिमी निम्मी समजलीच.

आणि हो, 'लाइक' दिसलं की लगेच सिमिली (उपमा) लिहू नका. 'शी सिंग्ज लाइक हर मदर' ही साधी तुलना आहे, दोघीही गाणाऱ्या बायकाच. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात.