अनीतीच्या काळात वचनाचा अभ्यास विश्वास खरोखर नवा करतो का?

प्रश्न (खानापूर तालुका)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी बायबल अभ्यास असतो. अलीकडे मला असे जाणवू लागले आहे की त्या तासाभरात आम्ही मुख्यतः जगाची निंदाच करतो: मोबाईलवरील अश्लीलता, मटका, निवडणुकीत वाटले जाणारे पैसे, लग्नातील देणे-घेणे. एखादे वचन वाचले जाते, ते या पापांना लावले जाते आणि चहा घेऊन सगळे उठतात. मी घरी परतते तेव्हा माझा विश्वास होता तसाच, किंबहुना थोडा अधिक कोरडा झालेला असतो. त्यातच माझा मुलगा कन्नड माध्यमात शिकलेला असल्यामुळे मराठी पवित्र शास्त्र वाचताना अडखळतो आणि त्या संकोचाने अभ्यासाला येतच नाही. अशा स्थितीत शास्त्राभ्यासाने विश्वास नवा होतो असे जे म्हणतात, ते प्रत्यक्षात कसे घडते?

उत्तर 1 (बेळगाव, कॅम्प)

ताई, आपला प्रश्न वाचून मला यहूदाचा राजा योशीया आठवला. त्याच्या कारकिर्दीच्या 18व्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि शाफान चिटणिसाने तो राजाला वाचून दाखवला, असे बायबलमधील 2 राजे या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात आहे. ग्रंथ विस्मृतीत गेला होता तो बाजारात नव्हे, मंदिरातच, ही गोष्ट मला दर वेळी बोचते. आजोबा मनश्शे याने त्याच मंदिरात परक्या दैवतांच्या वेद्या बांधल्या होत्या, म्हणजे पूर्वजांना आणि प्रजेला बोल लावायला योशीयाकडे कारणे भरपूर होती; तरीही त्याने आधी स्वतःची वस्त्रे फाडली आणि माझ्यासाठी व लोकांसाठी परमेश्वराला विचारा, असे सांगून माणसे पाठवली. मूर्ती फोडण्याचे काम त्यानंतरच्या अध्यायात येते.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला पहिल्या पत्रात लिहिले तेही याच क्रमाने. ते गजबजलेले व्यापारी शहर होते, तरी जगातील जारकर्मी लोकांबद्दल मी लिहिले नव्हते, नाहीतर तुम्हाला जगातूनच निघून जावे लागेल, असे तो 5व्या अध्यायात स्पष्ट करतो. त्याची तक्रार मंडळीच्या आतल्या माणसाबद्दल होती.

माझा अनुभव सांगतो. माझे किराणा दुकान आहे. धान्याचे माप लहान आणि पैसे तोलायचे वजन मोठे करणाऱ्या व्यापाऱ्यांविषयी आमोस संदेष्ट्याने आपल्या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात जे म्हटले आहे, ते अभ्यासाला आले, त्या संध्याकाळी दुसऱ्यांच्या मोबाईलबद्दल बोलण्याची सवड मला उरली नाही. आपण सुटी वचने निवडतो तेव्हा बहुधा शेजाऱ्याला लागू पडणारीच निवडतो. एक पुस्तक पहिल्या अध्यायापासून सलग घेतले, तर न निवडलेली वचनेही समोर येऊन उभी राहतात.

उत्तर 2 (निपाणी)

थोडा मतभेद नोंदवतो. आमच्या घरातील एका वडीलधाऱ्यांना स्तोत्र 119 ची सर्व 176 वचने पाठ होती, पण बहिणींचा जमिनीतील वाटा त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. केवळ अभ्यासाने काही होत नाही. शिवाय आपलाच काळ विशेष अनीतीचा, असे मानण्यातही एक प्रकारचा गर्व असतो. प्रत्येकजण आपल्याला बरे दिसेल ते करत होता, हे शास्ते या पुस्तकाचे शेवटचे वाक्य आहे.

उत्तर 3 (बेळगाव, शहापूर)

मला मुलाविषयी लिहायचे आहे, कारण आपण तो मुद्दा शेवटी उरकलात, पण खरी गाठ तिथेच आहे असे मला वाटते. नहेम्याच्या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, परंतु लेवी म्हणजे मंदिराचे सेवक लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगतात आणि अर्थ समजल्यावरच लोक रडू लागतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे खर्च केली, तीही अल्पशिक्षित बायकांना ते कळावे म्हणूनच.

मुलाला सत्यवेद, म्हणजे कन्नड बायबल, हातात द्या आणि आपण मराठी प्रत घेऊन शेजारी बसा. सीमाभागात दोन भाषा असणे ही आपण अडचण मानतो, पण अभ्यासात ती मोठी सोय ठरते. मराठीत आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो आणि त्या शब्दात मागाहून होणारी तळमळ ऐकू येते. कन्नड ख्रिस्ती लोक त्यासाठी ‘मानसांतर’ असेही म्हणतात, म्हणजे मनच पालटणे, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तसाच आहे. इतकी वर्षे मी केलेल्या चुकांबद्दल हळहळत होते आणि त्यालाच पश्चात्ताप समजत होते, हे मला एका कन्नड शेजारणीसोबत वाचताना कळले. निपाणीच्या भाऊंनी सांगितलेल्या वडीलधाऱ्यांनाही कदाचित हळहळ वाटत असेल. वाटा मात्र मन पालटल्यावरच दिला जातो.

प्रश्नकर्त्या (खानापूर तालुका)

सर्वांची आभारी आहे. येत्या बुधवारी अभ्यास आमच्याच घरी आहे आणि आमोस पहिल्या अध्यायापासून घ्यावा, असे मी पाळकसाहेबांना सुचवले आहे. मुलालाही विचारले. कन्नडमधून वाचायचे असेल तर बसेन, पण सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करायला सांगू नका, अशी त्याने अट घातली आहे आणि ती मी मान्य केली आहे.